तीन साच्यांत न मावणारी शरीरे

प्रति,
माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : शरीरप्रकारानुसार आहार-व्यायामाचे सल्ले आणि ग्रामीण विदर्भ

गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांमधून, आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांमधून, माणसांची तीन शरीरप्रकारांत वाटणी करून प्रत्येकाला वेगळा आहार आणि वेगळा व्यायाम नेमून देण्याची पद्धत रूढ झाली आहे. सडपातळ असाल तर भात-बटाटे भरपूर खा आणि धावणे टाळा, पिळदार असाल तर फारसा विचार करू नका, अंगाने भरलेले असाल तर भाकर-पोळी सोडून द्या, असा त्या सल्ल्यांचा एकंदर आशय असतो. अमरावती जिल्ह्यातील ग्रामीण शाळांत शारीरिक शिक्षण शिकवण्यात माझी उभी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतरही पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली सकाळी मैदानावर हीच चित्रे दाखवून ‘सर, मी यातला कोणता?’ असे विचारतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. प्रत्येकाचे शरीर वेगळे असते आणि त्याला मानवेल तसेच खावे, झेपेल तसेच अंग हलवावे, हे मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र ते वेगळेपण आरशात दिसणाऱ्या बांध्यावरून कळत नाही, असे माझे म्हणणे आहे. माणूस दिवसभर कोणते काम करतो, त्याच्या कंबरेचा घेर किती, रक्ताची स्थिती काय, वय किती आणि ऋतू कोणता, यांवरून ते कळते. आणि यांतील बहुतेक गोष्टी गावातल्या गावात मोजता येतात.

या तीन प्रकारांचे मूळ वाचकांना ठाऊक असणे आवश्यक आहे. विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने महाविद्यालयीन तरुणांच्या हजारो छायाचित्रांवरून १९४० मध्ये ही वर्गवारी मांडली. एक्टोमॉर्फ म्हणजे किरकोळ अंगाचा, मेसोमॉर्फ म्हणजे स्नायूंनी भरलेला आणि एंडोमॉर्फ म्हणजे मेदाने भरलेला, ही नावे त्याचीच. बांध्यावरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो हे त्याला सिद्ध करायचे होते. कोणी काय खावे, हा त्याचा प्रश्नच नव्हता, आणि स्वभावाबद्दलचे त्याचे निष्कर्षही पुढे शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाहीत. शिवाय तो प्रत्येक माणसाला तिन्ही घटकांसाठी एक ते सात यांपैकी वेगवेगळे गुण देत असे, म्हणजे त्याच्या मूळ पद्धतीतसुद्धा निव्वळ एका प्रकारचा माणूस जवळजवळ सापडतच नाही. १९६७ मध्ये हीथ आणि कार्टर या अभ्यासकांनी त्वचेखालच्या चरबीची जाडी, हाडांची रुंदी आणि दंड-पोटरीचा घेर मोजून गुण देण्याची सुधारित रीत आणली व ती खेळाडूंच्या अभ्यासात आजही वापरली जाते. मैदानावर बांध्याकडे आम्हीही पाहतो. गोळाफेकीला कोणाला घ्यायचे, कबड्डीत चढाईला कोण आणि कोपऱ्यावर कोण, हे ठरवताना त्याचा निश्चित उपयोग होतो. पण त्याच मुलाने रात्री किती भात खावा हे बांध्यावरून सांगता आले, असा अनुभव मला तरी नाही, आणि सराव व वय यांनुसार बांधाही बदलत जातो हे शाळेत काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

यावर काही वाचक म्हणतील की हे परदेशी शास्त्र राहू द्या, आपल्याकडे वात-पित्त-कफ प्रकृतीचा विचार शेकडो वर्षांपासून आहे. आहेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने ‘देश का प्रकृति परीक्षण’ हे अभियान सुरू केले आणि मोबाइल अॅपच्या साहाय्याने घरोघरी लोकांची प्रकृती पाहिली गेली. तेव्हापासून ‘माझी पित्त प्रकृती आहे, मला हे चालत नाही’ असे सांगणाऱ्यांची संख्या आमच्या गावातही वाढली आहे. परंतु चरकाने रोगी पाहण्याची जी दशविध परीक्षा सांगितली आहे, तिच्यात प्रकृती ही दहांपैकी एक बाब आहे. बाकीच्या नऊ म्हणजे विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. यांपैकी आहारशक्ती आणि व्यायामशक्ती या दोन्ही प्रकृतीपासून वेगळ्या काढून स्वतंत्रपणे पाहायला सांगितल्या आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. याचा अर्थ असा की, एकाच प्रकृतीच्या दोन माणसांची पचवण्याची ताकद आणि श्रम करण्याची ताकद वेगवेगळी असू शकते, हे त्या वैद्यांनी गृहीतच धरले होते. एका प्रकृतीच्या नावावरून जेवणाचे पूर्ण ताट ठरवणे हे आयुर्वेदाच्या नावावर खपत असले, तरी ते आयुर्वेदाला धरून आहे असे म्हणता येणार नाही.

रक्तगटानुसार आहार सांगणारे तर आता तालुक्याच्या गावीही भेटतात. ही कल्पना १९९६ मध्ये अमेरिकेत पुस्तकरूपाने आली आणि २०१४ मध्ये टोरांटो विद्यापीठाने केलेल्या अभ्यासात त्या आहाराचे जे फायदे दिसले, त्यांचा माणसाच्या रक्तगटाशी काहीही संबंध आढळला नाही. त्यावर अधिक शाई खर्च करण्याची गरज नाही.

माणसे खरोखर वेगवेगळी असतात याचा पुरावा मात्र भक्कम आहे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० लोकांच्या रक्तातील साखर सतत मोजली, तेव्हा तेच अन्न खाऊन एकाची साखर झपाट्याने वाढते आणि दुसऱ्याची फारशी वाढत नाही, असे दिसून आले. व्यायामाच्या बाबतीतही तेच. ‘हेरिटेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात अनेक कुटुंबांतील लोकांना वीस आठवडे सारखाच व्यायाम दिला असता काहींची प्राणवायू वापरण्याची क्षमता भरपूर वाढली, तर काहींची जवळजवळ वाढलीच नाही. पण हा फरक आधीच ओळखून माणसाला एखाद्या गटात टाकता येईल का, हे स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये तपासले. ६०९ लोकांची जनुके पाहून कोणाला कमी चरबीचा आणि कोणाला कमी पिठूळ पदार्थांचा आहार मानवेल याचा अंदाज बांधला होता, तो वर्षभरानंतर खरा ठरला नाही. जनुके तपासूनही जे सांगता आले नाही, ते मनगटाची जाडी पाहून सांगितले जाते, हे धाडसच म्हणायचे.

आता आपल्या भागाकडे वळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार ६५ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाला बैठे काम असेल तर दिवसाला सुमारे २११० किलोकॅलरी, मध्यम श्रम असतील तर २७१० आणि जड श्रम असतील तर ३४७० किलोकॅलरी लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२० असे आहेत. वजन तेच, उंची तीच, बांधाही तोच, आणि तरी केवळ कामामुळे पुरुषाच्या गरजेत १३६० किलोकॅलरींचा फरक पडतो. तिन्ही चित्रांत कामाचा रकानाच नसतो. कारण ती चित्रे ज्यांच्यासाठी काढली गेली, त्यांचे सर्वांचे काम खुर्चीवरचेच होते.

आमच्याकडे हा फरक दोन माणसांत तर दिसतोच, पण एकाच माणसात वर्षातून दोन-तीनदा दिसतो. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून काम करणारी बाई आणि हंगाम संपल्यावर घरीच असलेली तीच बाई, यांना सारखे जेवण लागत नाही. वऱ्हाडात डवरणी, निंदण आणि कापसाची वेचणी यांच्या काळात जे ताट शरीराला पुरत नाही, तेच ताट फाल्गुनानंतर अंगावर बसते. पूर्वी बैलजोडीमागे दिवस काढणाऱ्या बापाचा मुलगा आज ट्रॅक्टरने वाही करतो, निंदणाऐवजी तणनाशक फवारतो आणि धुऱ्यापर्यंत मोटारसायकलने जातो. यात त्याचा दोष काहीच नाही, पण ताटातल्या भाकरींची संख्या मात्र वडिलोपार्जित राहिली आहे. उलट, रोजमजुरीला जाणाऱ्या मुलीने मोबाइलवरचा ‘पोट कमी करण्याचा’ आहार पाहून दुपारची भाकर सोडल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत. तिला भोवळ येते आणि घरचे म्हणतात, तिचा बांधाच नाजूक.

सडपातळ माणसाने निर्धास्त राहावे, ही त्या चित्रांतली समजूत तर मला सर्वांत घातक वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर आयुष्यभर काम केले आहे. २००४ मध्ये त्यांनी आपला आणि आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारीशेजारी प्रसिद्ध केला. उंची-वजनाच्या हिशोबात दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण इंग्रज डॉक्टरांत ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांत २१.२ टक्के निघाले. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांच्या गटाने १९९३ पासून केलेल्या अभ्यासात असेही दिसले की, आपली बाळे वजनाने लहान जन्मतात तेव्हा स्नायू कमी भरतात, पण चरबी त्या मानाने कमी होत नाही. म्हणजे हातपाय काटकुळे आणि पोट मात्र सुटलेले, असा जो मनुष्य आपल्या प्रत्येक पारावर बसलेला दिसतो, तो चित्रातल्या पहिल्या रकान्यात बसतो आणि त्याला सल्ला मिळतो की भात वाढवा, धावू नका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि ते सगळेच लठ्ठ नाहीत. पुरुषाच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका वाढतो, एवढे लक्षात ठेवले तरी शिंप्याकडची टेप त्या तीन चित्रांपेक्षा अधिक खरे सांगेल. वजनाच्या निर्देशांकासाठीही आशियाई लोकांना २५ ऐवजी २३ पासूनच सावध राहायला सांगितले जाते.

पूर्व विदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती कोणत्याही शरीरप्रकाराच्या चित्रात येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आणि वाहक (ज्यांच्यात त्याचे जनुक असते, पण आजार नसतो असे लोक) मोठ्या प्रमाणात आहेत; १ जुलै २०२३ रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, त्यात हा पट्टा महत्त्वाचा आहे. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडणे, झेपण्यापलीकडचे श्रम आणि तीव्र ऊन-थंडी यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. केवळ वाहक असलेला तरुण एरवी निरोगीच असतो. अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ मधील अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले नाही, मात्र अतिश्रमाने स्नायूंना गंभीर इजा होण्याचे प्रमाण अधिक आढळले. म्हणून वाहक मुलाला मैदानाबाहेर बसवण्याचे कारण नाही. त्याला पाणी, मधली विश्रांती आणि हळूहळू वाढवत नेलेला सराव मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी तो वाहक आहे हे त्याला स्वतःला व त्याच्या शिक्षकाला माहीत असले पाहिजे. हिमोग्लोबिन कमी दिसले की लोहाच्या गोळ्या, हा सरसकट उपायही सिकलसेलच्या रुग्णाला लागू पडत नाही. लोह खरोखर कमी आहे का हे पाहून डॉक्टरांनीच ते ठरवायचे असते.

भरतीच्या सरावाबद्दल दोन वाक्ये अधिक लिहिण्याची परवानगी घेतो. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, ही परीक्षा सर्वांना सारखीच असल्यामुळे सरावही सर्वांचा सारखाच करून घेतला जातो, आणि तो पुष्कळदा एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांवर असताना, सकाळी आठनंतरही चालू असतो. आयुर्वेदाचा प्राचीन ग्रंथकार वाग्भट याने बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसालाही निम्म्या शक्तीनेच व्यायाम करायला सांगितले आहे, तेही थंडीत आणि वसंतात. इतर वेळी त्याहून सौम्य, आणि ग्रीष्मात तर व्यायाम, ऊन, तिखट, आंबट व खारट सोडायलाच सांगितले आहे. (ठेच्याशिवाय घास न उतरणाऱ्या आमच्या मुलखाने यातले तिखटाचे कलम कधीच मनावर घेतले नाही, हे कबूल करावे लागेल.) भरती समोर असलेल्या मुलाला व्यायाम सोडायला कोणी सांगणार नाही, पण पहाटे पाचला सुरू करून उन्हाआधी आटोपणे, आणि कपाळावर व काखेत घाम येऊन तोंड कोरडे पडू लागले की निम्मी शक्ती संपली असे समजणे, ही जुनी खूण आजही उपयोगी आहे. धावताना शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत, असे आताचे प्रशिक्षक सांगतात, त्याचाही अर्थ तोच. अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले आणि १९३६ मध्ये त्याचे पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. ज्या मुलखाला व्यायामाची एवढी परंपरा आहे, तिथे नव्या पोराचा दम पाहून जोर-बैठकांची संख्या वाढवणारा वस्ताद ही काही नवलाईची गोष्ट नाही. त्याची जागा आता मोबाइलमधल्या ‘तीस दिवसांच्या चॅलेंज’ने घेतली आहे.

मुलींच्या बाबतीत बांध्याची चर्चा करण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आहे. ८०० मीटरला दुसऱ्या फेरीत धाप लागून बसणाऱ्या मुलीला अंगकाठी नडत नसून रक्त कमी पडत असते, आणि घरात सर्वांचे झाल्यावर उरलेले जेवण्याची रीत त्यामागे असते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्याने अन्नातील लोह शरीराला कमी मिळते, आणि वरणावर लिंबू पिळल्याने ते अधिक मिळते, एवढे साधे ज्ञानही आपल्या घरांत पोहोचलेले नाही.

खुराकाचा प्रश्न राहतो. पोषण संस्थेच्या हिशोबाने ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिने हवीत. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते ते प्रामुख्याने गहू-तांदूळ, त्यामुळे ताटात पीठ भरपूर आणि प्रथिने कमी, अशी स्थिती असते. दुसरीकडे तुरीचे आणि सोयाबीनचे पीक घेण्यात विदर्भ आघाडीवर आहे. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम, तर सोयाबीनमध्ये त्याच्या दीडपटीहून अधिक प्रथिने असतात. ते सोयाबीन अडत्याकडे जाते, तिथून तेलाच्या कारखान्यात, आणि राहिलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. ते पिकवणाऱ्याचा मुलगा मात्र तालुक्याहून प्रथिनांच्या पावडरचा डबा विकत आणतो. सोयाबीन कच्चे खाऊ नये, कारण त्यात प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. ते चांगले शिजवून किंवा भाजून ज्वारी-गव्हाच्या पिठात थोडे मिसळले तर घरात सर्वांना चालते. ज्यांना ते पचत नाही, त्यांनी वरण घट्ट करावे. इथे खरोखर ज्याच्या-त्याच्या पोटाने ठरवावे. दूध न पचणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांना दुधाचा आग्रह करण्यात अर्थ नसतो.

महोदय, आपल्याकडे माझी एक विनंती आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा ताई एक प्रश्नतक्ता भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, आठवड्याला किमान दीडशे मिनिटे शारीरिक हालचाल होते की नाही आणि जवळच्या नातलगांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का, हे विचारून गुण दिले जातात. चारपेक्षा अधिक गुण झाले की त्या व्यक्तीची तपासणी आधी करायची असते. गावातील बहुतेक लोकांना हा तक्ता सरकारी कागद वाटतो व ते ‘लिहा काहीतरी’ म्हणून मोकळे होतात. आपल्या आरोग्य पुरवणीत तीन शरीरप्रकारांची चित्रे ज्या जागेत येतात, त्या जागेत हा तक्ता गुणांसह आणि सोप्या मराठीत छापावा, म्हणजे वाचक तो घरीच भरून आरोग्य उपकेंद्रात जाईल. शक्य झाल्यास तो फेब्रुवारीत, उन्हाळी सरावाआधी यावा, आणि नागपूर व चंद्रपूर आवृत्त्यांत त्याखाली सिकलसेलची तपासणी जवळच्या कोणत्या केंद्रात कोणत्या दिवशी होते, तेही द्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती